एक गाव, चार वस्त्या, चार आजार

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. संध्याकाळच्या दवाखान्याला नेहमीसारखी गर्दी होती. माळावरच्या वस्तीतील एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. तीन दिवसांचा कडकडून ताप, डोळ्यांच्या मागे दुखणे, अंग मोडून येणे. रक्त तपासले, डेंग्यू निघाला. त्या आठवड्यात त्याच वस्तीतून माझ्याकडे आलेला तो पाचवा रुग्ण होता. खरे सांगायचे तर मी थोडा चिडलोच.

"अहो बाई, नगरपालिकेने घरोघर पत्रके वाटली, रिक्षा फिरवली. दर शुक्रवारी कोरडा दिवस पाळा, पिंपे-हौद रिकामे करून घासा, असे सांगून सांगून सगळे थकले. एवढे एक काम करायला काय होते तुम्हाला?"

बाई खाली मान घालून ऐकत होत्या. माझे बोलणे संपल्यावर शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आमच्याकडं पाणी येतं आठवड्यातनं एकदा, गुरुवारी रात्री. रात्रभर जागून भरायचं आणि शुक्रवारी सकाळी उठून ओतून द्यायचं? मग आठवडाभर लेकरांनी प्यायचं काय?"

वाचकहो, तीस वर्षे मी या गावात दवाखाना चालवतो आहे. कोरड्या दिवसाचे महत्त्व शेकडो लोकांना मीच समजावून सांगितले आहे. पण माळावर पाणी कोणत्या दिवशी येते हे मी एकदाही विचारले नव्हते. मला उत्तर सुचले नाही. मी औषध लिहून दिले, धोक्याची लक्षणे सांगितली आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

तिसऱ्या दिवशी त्या बाई पुन्हा आल्या. ताप उतरला म्हणून घरात सगळे निश्चिंत होते. पण मुलाच्या पोटात दुखत होते, सारख्या उलट्या होत होत्या, हातपाय गार पडले होते. डेंग्यूत ताप उतरतानाचा काळच सर्वांत धोक्याचा असतो. रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरू लागते, रक्तदाब घसरतो. त्याच पावली मुलाला जिल्हा रुग्णालयात पाठवले. सहा दिवसांनी तो घरी आला. वेळेवर पोहोचला म्हणून वाचला. पण बाईंचा तो प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही. आजचा लेख त्या प्रश्नातून जन्मला आहे.

डासाचा वॉर्ड

डेंग्यूचा डास, म्हणजे एडिस, हा गटारातला डास नव्हे. तो घरातल्या स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. मादी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या ओलसर भिंतीवर अंडी घालते. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करा असे सांगतात. सात दिवसांच्या आत पाणी काढले की साखळी तुटते. नुसते पाणी ओतून मात्र भागत नाही. भिंतीला चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी मिळाले की फुटतात. म्हणून घासणे महत्त्वाचे.

हा डास लांब उडत नाही. त्याचा बहुतेक जन्म ज्या घरात झाला त्या घराच्या आसपास, फार तर दोन-चारशे मीटरच्या टापूत जातो. म्हणजे नगरपालिकेचे वॉर्ड नकाशावर कसेही आखलेले असोत, डासाचा वॉर्ड आपल्या गल्लीएवढाच असतो. एका आळीत घरटी एक तापाचा रुग्ण असतो आणि रस्त्यापलीकडच्या आळीत कोणाला काही ठाऊकही नसते, ते यामुळेच. आजार इतका स्थानिक असेल, तर त्यावरचा उपायही तितकाच स्थानिक हवा. सगळ्या गावाला एकच शुक्रवार कसा चालेल?

वहीत काय निघाले

त्या प्रसंगानंतर मी एक साधी गोष्ट सुरू केली. रुग्णाचे नाव, वय आणि आजार यांच्या पुढे वहीत तो कोणत्या भागातून आला तेही लिहू लागलो. घरी पाणी किती दिवसांनी येते आणि कशात साठवतात, हे दोन प्रश्न विचारू लागलो. हे काही शास्त्रीय संशोधन नव्हे. एका दवाखान्यातली नोंद ती केवढी. तरीही चार महिन्यांनंतर वही चाळली तेव्हा गावाचे चार भाग चार निराळ्या गावांसारखे दिसले.

माळावरची वस्ती उंचावर आहे. जलवाहिनीचे शेवटचे टोक तिथे, त्यामुळे पाण्याला दाब नाही. लोक पाणी साठवतात, कारण दुसरा इलाज नाही. तिथला आजार डेंग्यू.

जुन्या पेठेत पाणी दिवसाआड येते. साठवण कमी, डासही कमी. पण तिथले नळ जुने आणि गटाराला लागून गेलेले. पाणी बंद असताना नळ रिकामा होतो, आतला दाब जातो आणि बाहेरची घाण फटीतून आत ओढली जाते. पाणी सुटले की पहिल्या दोन-चार बादल्यांना वास येतो. तिथला आजार कावीळ आणि विषमज्वर. या भागातल्या गरोदर भगिनींची मला विशेष काळजी वाटते, कारण पाण्यातून होणारी ई प्रकारची कावीळ गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत जिवावर बेतू शकते.

नदीकाठच्या वस्तीत पुष्कळ घरांना स्वतःचे शौचालय नाही. सार्वजनिक शौचालय आहे, पण त्यात रात्री दिवा नाही आणि पाणी नाही. तिथला आजार जुलाब, गॅस्ट्रो आणि मुलांच्या पोटातले जंत. आणखी एक दुखणे वहीत दिसले, ते मी आधी ओळखले नव्हते. बायकांना वारंवार होणारा लघवीचा जंतुसंसर्ग. अंधारात जायला नको म्हणून त्या दुपारनंतर पाणीच पीत नाहीत, आणि तासन् तास लघवी रोखून धरतात. त्यांना मी वर्षानुवर्षे गोळ्या लिहून दिल्या. खरे औषध म्हणजे शौचालयातला एक दिवा आणि पाण्याची एक टाकी.

चौथा भाग म्हणजे नवी कॉलनी. तिथे कशाचीच टंचाई नाही. तरीही डेंग्यू आहे. कारण गच्चीवरच्या टाकीला झाकण नाही, कुंड्यांखाली ताटल्या आहेत, फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये पाणी आहे, बाटलीत मनीप्लांट आहे. त्यांना शुक्रवारचा कोरडा दिवस पाळणे अगदी सोपे आहे. पाळत मात्र कोणी नाही, कारण डेंग्यू हा झोपडपट्टीचा आजार अशी समजूत.

आता गंमत पाहा. या चारही भागांना आमची नगरपालिका काय देते? तेच पत्रक, तोच शुक्रवार, तीच धुराची फवारणी. धूर उडते डास तेवढे मारतो. पाण्यातल्या अळीला तो काहीच करीत नाही, आणि रस्त्यावर सोडलेला धूर घरात पलंगाखाली बसलेल्या एडिसपर्यंत क्वचितच पोहोचतो. जुन्या पेठेला धुराची नव्हे, प्लंबरची गरज आहे. नदीकाठाला पत्रकाची नव्हे, दिव्याची गरज आहे.

लंडनचा पंप, सुरतेचा धडा

आजार गल्लीगल्लीतून पाहावा ही कल्पना माझी नव्हे. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात पटकीने थैमान घातले. त्या काळी वैद्यकशास्त्र पटकीचे खापर दूषित हवेवर फोडत असे. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने मृत्यू झालेल्या घरांची माहिती गोळा केली आणि ती नकाशावर मांडली. ही घरे ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेली दिसली. जवळच्याच दारूभट्टीतले कामगार मात्र बचावले होते. ते त्या पंपाचे पाणी पीत नव्हते. ८ सप्टेंबर १८५४ रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती हे खरे. पण साऱ्या शहराला एकच उपदेश करण्यापेक्षा एका गल्लीतला एक पंप शोधणे अधिक मोलाचे, हा धडा कायमचा मिळाला.

आपल्या शेजारचे उदाहरण सुरतेचे. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये तिथे प्लेगची साथ आली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. ते लोंढे आणि ती घबराट माझ्या पिढीला चांगली आठवते. १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा विभाग केले आणि प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला खर्चाचे व निर्णयाचे अधिकार दिले. सकाळी कचेरीत न बसता आपापल्या भागात फिरायचे, हा नियम घालून दिला. गटार तुंबले तर त्याची फाइल मुख्य कचेरीत जाण्याची गरज उरली नाही. घाणीसाठी बदनाम झालेले ते शहर दोन वर्षांच्या आत स्वच्छतेसाठी नावाजले गेले. माणसे तीच होती, झाडूही तेच होते. बदलले ते एवढेच, की निर्णय कचेरीतून गल्लीत आला.

आपल्या कायद्यातही हा विचार आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत तिने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. लहान गावांवर ती सक्ती नाही, पण मनाईही नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात साधारण दोनशे ते पाचशे घरांमागे एक आशा सेविका आणि पन्नास ते शंभर घरांमागे एक महिला आरोग्य समिती अशी रचना सांगितली आहे. म्हणजे गल्लीची माहिती गल्लीतल्या बाईलाच असते, हे सरकारने कागदावर तरी मान्य केले आहे.

कचेरीतली भेट

वही घेऊन मी नगरपालिकेत गेलो. आरोग्य निरीक्षक भले गृहस्थ. त्यांनी ऐकून घेतले आणि आपलीही अडचण सांगितली. फवारणीचे यंत्र एकच, माणसे अपुरी. "डॉक्टर, ज्या भागातून तक्रारी येतात तिथे मशीन पाठवावे लागते. न पाठवून कसे चालेल?"

या वाक्यात सगळे दुखणे आहे. तक्रारी येतात त्या नव्या कॉलनीतून. तिथल्या लोकांना फोन कोणाला करायचा ते ठाऊक आहे. नदीकाठची बाई फोन करीत नाही. ती माझ्याकडे येते, गोळ्या घेते आणि जाते. भागाभागाच्या गरजेप्रमाणे सेवा द्यायची म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याला आधी, असे नव्हे. तक्रारवही आणि आजाराची वही शेजारी ठेवून पाहिली पाहिजे. दोन्हीतली पत्ते जुळतीलच असे नाही.

दुसरी एक भीती काही सुज्ञ लोक बोलून दाखवतात. प्रत्येक भागाला निराळी सेवा म्हटले, की गरीब भागाला कमी प्रतीची सेवा द्यायला निमित्त मिळेल. भीती रास्त आहे. म्हणून एक रेघ आधीच ओढून ठेवावी. शुद्ध पाणी, शौचालय, कचरा उचलणे आणि लसीकरण हे प्रत्येक घराला सारखेच मिळाले पाहिजे. ते कोणत्या वेळी, कोणत्या दिवशी आणि कोणत्या मार्गाने द्यायचे, एवढेच भागाप्रमाणे बदलावे. माप सर्वांचे निराळे, पण कापड एकाच ताग्यातले.

निरीक्षकांना मी एकच गोष्ट मागितली. माळावरच्या वस्तीचा कोरडा दिवस शुक्रवारऐवजी गुरुवारी दुपारी ठेवा. पाणी यायच्या आधी पिंपे तळाला गेलेली असतात, तेव्हा ती उपडी करून घासणे सोपे. त्यांनी मान्य केले. पण वस्तीत बैठक झाली तेव्हा त्याच बाईंनी दुसरा प्रश्न विचारला. "पाणी येणारच हे कोण सांगणार? मागं दोन वेळा मोटर जळली. तळाचं पाणी होतं म्हणून निभावलं."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. पाणी नक्की येईल याची खात्री असल्याशिवाय शहाणा माणूस पिंप उपडे करणार नाही. शेवटी तोडगा निघाला तो साधाच. गुरुवारी सकाळी पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने टाकी भरल्याची खात्री करून घ्यायची आणि घंटागाडीच्या कर्ण्यावरून "आज पाणी आहे" एवढे वस्तीत सांगायचे. त्यानंतर बायका पिंपे घासायला काढतात. ज्या दिवशी पाणी नसेल त्या दिवशीही तसे स्पष्ट सांगायचे.

याने डेंग्यू थांबला असे मी म्हणणार नाही. पावसाळा तेव्हा सरत आला होता आणि थंडी पडली की रुग्ण तसेही कमी होतात. खरी परीक्षा पुढच्या पावसाळ्यात. पण गुरुवारी दुपारी त्या वस्तीत गेलो तर दारोदार उपडी पिंपे दिसतात. जे पत्रकांनी झाले नाही ते एका कर्ण्याने झाले, आणि त्याला जादा खर्च आला नाही.

नगरपालिकेला विनंती

एक, गावातले सगळे डॉक्टर, प्रयोगशाळा आणि आशा सेविका यांच्याकडून दर आठवड्याला फक्त आजार आणि भाग एवढीच माहिती घ्यावी. रुग्णाचे नाव नको. ती गावाच्या नकाशावर टिंबे देऊन मांडावी. नकाशा आणि रंगीत पेन्सिल पुरे.

दोन, पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी टाकीजवळ न करता शेवटच्या नळावर करावी. घरच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन असावे असे मानक आहे. ओ.टी. चाचणीत पाणी पिवळे झाले नाही, तर त्या भागात गळती शोधावी. काविळीचे रुग्ण दिसेपर्यंत थांबू नये. ई प्रकारच्या काविळीचा जंतू पोटात गेल्यापासून आजार दिसायला दोन ते आठ आठवडे लागतात. आज रुग्ण दिसला, म्हणजे नळ दीड-दोन महिन्यांपूर्वीच फुटलेला असू शकतो.

तीन, दवाखान्याची आणि लसीकरणाची वेळ त्या भागाच्या कामधंद्याप्रमाणे ठेवावी. मजुरीला जाणारी आई सकाळी दहा वाजता बाळाला घेऊन येऊ शकत नाही. तिच्यासाठी संध्याकाळ हवी.

आपण काय करावे

माझ्याकडे यावे लागू नये म्हणून वाचकांसाठी काही सूचना.

आठवड्याने पाणी येणाऱ्या भागात : पाणी यायच्या दिवशी, पाणी येण्यापूर्वी भांडी घासा. भरल्यावर जुन्या धोतराच्या किंवा साडीच्या दुहेरी कापडाने तोंड घट्ट बांधा. उपसता न येणाऱ्या वापराच्या हौदात गप्पी मासे सोडा. ते नगरपालिकेच्या किंवा हिवताप विभागाच्या कार्यालयातून मागून घ्या.

जुन्या नळांच्या भागात : पाणी सुटल्यावर सुरुवातीचे गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नका, ते शौचालयासाठी वापरा. पिण्याचे पाणी खळखळून उकळा. क्लोरीनची गोळी घातली तर अर्धा तास थांबूनच प्या. घरात गरोदर बाई असेल तर यात हयगय नको.

शौचालयाची अडचण असलेल्या भागात : मुलाला जुलाब लागले तर पहिल्या जुलाबापासून जलसंजीवनी सुरू करा. एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण मिसळावे, थोडे थोडे करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्या द्या. सहा महिन्यांपेक्षा मोठ्या बाळाला दोन आठवडे देतात. अंगावरचे दूध बंद करू नका. बायकांनी पाणी पिणे कमी करू नये, लघवीला जळजळ झाली तर लाज न बाळगता दाखवावे.

कॉलनीतल्या मंडळींसाठी : टाकीचे झाकण, कुंडीखालची ताटली, फ्रिजचा ट्रे. रविवारची दहा मिनिटे पुरतात.

ताप आल्यास सर्वांसाठी : फक्त पॅरासिटामॉल, योग्य प्रमाणात. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनसारख्या अंगदुखीच्या गोळ्या डेंग्यूत रक्तस्राव वाढवू शकतात, त्या मनाने घेऊ नका. पोटात जोराने दुखणे, सतत उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शी, सुस्ती, गार हातपाय यांतले काहीही दिसले, तर ताप उतरला असला तरी ताबडतोब रुग्णालय गाठा.

आणि शेवटची सूचना माझ्या व्यवसायबंधूंना, म्हणजे आधी मला स्वतःला. रुग्णाला नाव, वय आणि आजार विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा : तुमच्याकडे पाणी कधी येते? त्या मुलाच्या आईने तो मला विचारायला लावला. तो मुलगा आता शाळेत जातो. गुरुवारी दुपारी शाळा सुटली की आईबरोबर पिंप घासायला असतो, असे त्या बाईंनीच परवा सांगितले.